संकल्पाची वही आणि स्वप्नातील जाग

मराठी माणसाला स्वप्न पडते; हिंदी बोलणारा ते पाहतो. पाऊस पडावा, कोडे पडावे, तसे मराठीतील स्वप्न माणसावर येऊन पडते आणि त्याचे त्यापुढे काही चालत नाही. पांढुर्णा व सौंसर या भागात ही दोन्ही क्रियापदे एकाच माणसाच्या तोंडी असतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. पुढे २०२३ साली त्यातूनच हे दोन तालुके वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असा येथील व्यवहार. ‘पडणाऱ्या’ स्वप्नाकडून ‘पाहिल्या जाणाऱ्या’ स्वप्नाकडे जाण्याची जी वाट आहे, तिचे मर्म समजावून घेण्यास ही दुभाषी भूमी सोयीची आहे.

झोप न मोडता, स्वप्न चालू असतानाच, ‘हे स्वप्न आहे’ असे माणसाला उमगणे, यास स्वप्नातील जाग म्हणावयास हरकत नाही. डच वैद्य व साहित्यिक फ्रेडरिक व्हान ईडन यांनी १९१३ साली आपल्या अशा स्वप्नांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यावर बराच काळ अविश्वासच होता. झोपलेला मनुष्य जागा कसा, हा प्रश्न स्वाभाविक होता. १९५३ साली शिकागो येथे अ‍ॅसरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेत डोळे वेगाने हलण्याचा काळ असतो, आणि त्या काळात उठवलेली माणसे बहुधा स्वप्ने सांगतात, हे दाखविले. या शोधाने पुढच्या पुराव्याची वाट मोकळी झाली. झोपेत देह शिथिल असला तरी डोळे हलतात. तेव्हा स्वप्नात जागा झालेल्या माणसाने ठरलेल्या रीतीने डोळे डावीउजवीकडे फिरवून खूण द्यावी, अशी ही योजना. १९७५ साली इंग्लंडमध्ये हल येथे कीथ हर्न यांनी अशी खूण यंत्रावर टिपली, आणि काही वर्षांतच अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर आठातून सहा गेले किती, हे झोपलेल्या माणसाला विचारले गेले आणि त्याने डोळ्यांच्या दोन हालचालींनी उत्तर दिले.

भारतीय विचाराला हा विषय परका नाही. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती व तुरीय अशा अवस्था सांगितल्या. पतंजलींनी स्वप्न व निद्रा यांच्या ज्ञानाचा आधार घेऊनही चित्त स्थिर होते, असे मानले. तुकोबांना गुरूपदेश झाला तोही स्वप्नातच. मात्र तुकोबांचे स्वप्न हा प्रसाद होता. तो मागून मिळत नसतो. येथे विचार आहे तो प्रयत्नाचा, आणि त्यातही लिहून केलेल्या संकल्पाचा.

लिहिण्याने मन वळते, हा अनुभव मराठी घरांत जुना आहे. रामनाम लिहून वह्याच्या वह्या भरणारी वडीलधारी मंडळी पुष्कळांनी पाहिली असतील. फ्रान्समधील एमिल कुए हे औषधविक्रेते आपल्या रुग्णांना वीस गाठींची दोरी देत आणि गाठीगाठीला बरे वाटण्याचे एक वाक्य पुटपुटावयास सांगत. ती जणू जपमाळच होती. १९२६ साली निवर्तलेल्या या गृहस्थांचे मुख्य सांगणे असे की, इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली तर कल्पनाच जिंकते. स्वप्नाच्या बाबतीत हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

‘मी स्वप्नात जागा होतोच’ असे वाक्य शंभर वेळा लिहिणारा बहुधा सकाळी निराश होतो. ते वाक्य बढाईचे आहे. ते कोणत्या क्षणी आठवावे, हे त्यात सांगितलेले नाही. बाजारात गेल्यावर अमक्या दुकानापाशी निरोप आठवावा, असे ठरविणारा माणूस दुकान दिसताच थांबतो. नुसते ‘मी विसरणार नाही’ म्हणणारा विसरतो. लाबर्ज यांनी १९८० साली मांडलेल्या रीतीचे तत्त्व हेच. पहाटे स्वप्नातून जाग आली की ते स्वप्न नीट आठवावे. पुढच्या वेळी स्वप्न चालू असता ‘हे स्वप्न आहे’ याची आठवण ठेवीन, असा निश्चय करावा. आणि त्याच स्वप्नात आपण ती खूण ओळखतो आहोत, असे चित्र डोळ्यांपुढे आणून पुन्हा निजावे. वहीतील संकल्प हा या निश्चयाचा लेखी साथीदार होय.

उदाहरण घ्यावयाचे तर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जी गोटमार होते, तिचे घ्यावे. त्या दगडांत कोणी घायाळ झाला, आणि जखम भरल्यावरही रात्री पुन्हा पुन्हा तेच पात्र, तोच आरडाओरडा दिसू लागला, अशी कल्पना करावी. त्याने उठताच स्वप्न टिपून ठेवले तर चारआठ दिवसांत त्याला खूण सापडते: दगड येतो, पण पाय उचलत नाहीत. मग त्याचे वाक्य असे व्हावे: ‘नदीत पाय जड झाले की, हे स्वप्न आहे, असे मी ओळखीन.’ वाक्य लहान असावे, स्वतःच्या शब्दांत असावे, आणि भीती ज्या भाषेत वाटते त्या भाषेत असावे. ज्याला स्वप्नात आई मराठीतून हाक मारते, त्याने कचेरीच्या हिंदीत संकल्प लिहू नये.

या लिहिण्याचा आणखी एक उपयोग आहे. स्वप्नातील अक्षरे बहुधा टिकत नाहीत. ओळ वाचून नजर वळविली आणि पुन्हा पाहिले, तर ती बदललेली दिसते. म्हणून वहीतील ओळ दिवसातून काही वेळा दोनदा वाचावी आणि ‘आत्ता मी जागा आहे काय?’ असे खरोखरच विचारावे. ती सवय रात्रीही उतरते.

फळ किती मिळते? ऑस्ट्रेलियात डेनहोम अ‍ॅस्पी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिवसाची परीक्षा, पहाटेची जाग आणि निश्चय या तिन्ही गोष्टी करणाऱ्यांना सुमारे १७ टक्के रात्री यश आले. निश्चय करून पाच मिनिटांत झोपी जाणाऱ्यांना ते पुष्कळच अधिक आले. म्हणजे सहा रात्रींतून एक, तीही श्रम घेणाऱ्याला.

ही किंमत सर्वांनी देऊ नये. रात्रीच्या विजेवर संत्र्याच्या बागेचे ओलीत करणाऱ्या शेतकऱ्याची झोप आधीच तुटलेली असते. त्याने ती आणखी तोडणे शहाणपणाचे नव्हे. त्याला दुसरा मार्ग आहे. दुःस्वप्नाचा शेवट दिवसाउजेडी हवा तसा बदलावा आणि त्या नव्या चित्राची रोज मनात उजळणी करावी. बॅरी क्राको यांनी २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या उजळणीने अत्याचारपीडित स्त्रियांची दुःस्वप्ने कमी झाली. त्यासाठी झोपेत जागे व्हावे लागत नाही.

ज्यांना जागेपणीच भास होतात, त्यांनी तर या वाटेला जाऊ नये. सौंसरजवळ जामसावळीला मारुतीची निजलेली मूर्ती आहे. मनाने खचलेल्या आप्तांना घेऊन कित्येक कुटुंबे तेथे येतात. ती श्रद्धा राहावी, पण तिच्या जोडीला वैद्याचा सल्लाही असावा. शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

संकल्पाची वही स्वप्नावर सत्ता देत नाही. अंगावर येणारा दगड ती थांबवीलच असे नाही. पण ‘हा दगड स्वप्नातला आहे’ एवढे ज्याला त्या क्षणी आठवले, त्याची भीती तेथेच निम्मी होते. स्वप्न त्यालाही पडतेच. पण आता तो ते पाहूही लागलेला असतो.