दुरुस्ती: मार्केरियन ४२१ ची ती ‘घसरण’ खरी नव्हती

आजचा भाग छोटा आहे आणि जरा अवघडही आहे, कारण गेल्या भागात मी तुम्हाला ठासून सांगितलेली एक गोष्ट चुकीची होती. तो भाग मी काढून टाकलेला नाही. त्याच्या वर या भागाची लिंक टाकली आहे.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मार्केरियन ४२१ हा सप्तर्षींच्या तारकासमूहात दिसणारा ब्लेझर, आपल्यापासून साधारण ४० कोटी प्रकाशवर्षांवर. ब्लेझर म्हणजे अशी दीर्घिका, जिच्या मधल्या महाकाय कृष्णविवराजवळून निघणारा झोत जवळजवळ थेट आपल्या दिशेने रोखलेला असतो. त्या झोतातले प्रचंड वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरतात आणि क्ष-किरण सोडतात. कधीकधी याचा भडका उडतो आणि तेज काही पटींनी वाढतं. २०१३ च्या एप्रिलमध्ये असाच एक मोठा भडका उडाला होता. नासाच्या स्विफ्ट उपग्रहाने तेव्हा त्याचं वारंवार निरीक्षण केलं. तो डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. मी बीटेक केलेली सॉफ्टवेअरवाली, भौतिकशास्त्राची पदवी नाही, पण पायथन येतं. मग सुट्टीच्या दिवशी बसले आणि तेजाचा आलेख काढला.

स्विफ्टला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला साधारण ९६ मिनिटं लागतात. एका फेरीत ब्लेझरकडे थोडी मिनिटंच बघायला मिळतं, म्हणून आलेख सलग येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येतो. माझ्या आलेखात एका तुकड्यातून पुढच्या तुकड्यात तेज जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं, आणि त्याच्या पुढच्या तुकड्यात पुन्हा वर.

मी हरखूनच गेले. कारण या बदलाच्या वेळेतून आकार काढता येतो. समजा एखादा प्रदेश अख्खाच्या अख्खा मंद झाला. त्याच्या पलीकडच्या टोकाचा प्रकाश अलीकडच्या टोकाच्या प्रकाशानंतर पोचणार. म्हणून ९६ मिनिटांत तेज निम्मं होत असेल, तर तो प्रदेश फार मोठा असू शकत नाही. ९६ मिनिटांत प्रकाश साधारण १७३ कोटी किलोमीटर जातो, म्हणजे सूर्य ते शनी या अंतरापेक्षा थोडं जास्त. झोत आपल्याकडे येत असल्यामुळे घटना आपल्याला भराभर घडताना दिसतात. तो परिणाम दहा पट धरला, तर मर्यादाही दहा पट वाढते. तरीसुद्धा एका दीर्घिकेच्या मानाने हा ठिपकाच! हे सगळं मी गेल्या भागात रंगवून सांगितलं. गणितात चूक नव्हती. ज्या आकड्यावर ते उभं होतं, तो आकडाच खोटा होता.

भाग गेल्यावर तीन दिवसांनी एका श्रोत्यांचा मेल आला. ते याच विषयात काम करतात. मेल दोन ओळींचा होता. भाग आवडला असं लिहून खाली विचारलं होतं, ‘त्या तुकड्यात प्रतिमा चिपवर कुठे पडली होती, ते बघितलंत का?’

नव्हतं बघितलं.

त्याचं असं आहे. २००५ च्या मे महिन्यात स्विफ्टच्या क्ष-किरण कॅमेऱ्यावर एक सूक्ष्म उल्काकण आदळला. त्यात चिपवरचे काही उभे स्तंभ निकामी झाले. दुर्बीण दर वेळी लक्ष्याकडे वळते, पण प्रतिमा दर वेळी त्याच पिक्सेलवर पडेल असं नाही. ती या मेलेल्या स्तंभांवर पडली की बरेचसे फोटॉन मोजलेच जात नाहीत. ब्लेझर तेवढाच तेजस्वी असतो, आपली मोजणी कमी भरते. यासाठी दुरुस्तीचा गुणक लावावा लागतो आणि मी तो लावला नव्हता. लेस्टर विद्यापीठाचं एक ऑनलाइन साधन ही दुरुस्ती आपोआप करतं. त्यातून तोच डेटा काढला. भडका जागच्या जागी होता. माझी घसरण गायब!

खरं सांगू का, पोटात गोळा आला. एक तर सगळ्यांसमोर सांगून बसले होते. आणि दुसरं म्हणजे, ही चूक माझ्या रोजच्या कामातली आहे. ऑफिसात रात्री अलर्ट वाजला आणि डॅशबोर्डवर ट्रॅफिक निम्मं दिसलं, तर मी पहिल्यांदा काय विचारते? सर्व्हर पडलाय, की मोजणारा पडलाय? नव्या मुलांना हेच शिकवते. पण सुंदर आलेख समोर आला आणि ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ अशी माझी गत झाली. तो आलेख खरा असावा असं मला वाटत होतं, म्हणून मी तपासलाच नाही.

याचा अर्थ ब्लेझर झपाट्याने बदलत नाहीत असा घेऊ नका हं. त्याच भडक्यात नूस्टार या दुसऱ्या क्ष-किरण दुर्बिणीलाही काही तासांच्या आतले चढउतार दिसले आहेत. आकाराचा युक्तिवाद उभाच आहे. फक्त त्याचा पुरावा म्हणून मी दाखवलेली ती घसरण खोडून टाका.

आता आलेख काढायच्या आधी मी तीन गोष्टी बघते. प्रतिमा चिपवर कुठे पडली? दर बिंदूची त्रुटी किती? आणि स्रोत इतका तेजस्वी आहे का, की दोन फोटॉन एकदम येऊन एकच म्हणून मोजले जातायत? तसं झालं तर स्रोत खऱ्यापेक्षा मंद दिसतो आणि एकेका फोटॉनची ऊर्जा जास्त वाटते.

पुढच्या भागात आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटकडे वळू या. त्यावरची सौम्य क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआरमध्ये तयार झाली, आणि २६ ऑक्टोबर २०१५ ला ती पहिल्यांदा उघडली तेव्हा समोर होता पीकेएस २१५५-३०४. तोही ब्लेझरच! तो डेटा मी उतरवून घेतलाय. या वेळी आधी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका वाचतेय, आलेख नंतर.

मेल पाठवणाऱ्या सरांचे मनापासून आभार. तुम्हालाही चूक दिसली तर बिनधास्त लिहा. भेटू.