बेकारीचा आकडा आणि आपण

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



मागच्या सभेत एका ताईंनी विचारलं होतं, "पेपरात बेकारी तीन टक्के म्हणतात, अन् आमच्याकडं पदवी घेतलेली पोरं पारावर बसून हायेत. मग खोटं कोण, पेपर का आमचे डोळे?" सगळ्या हसल्या. मला मात्र उत्तर देता आलं नाही. म्हणून आज थोडं वाचून आलेय.

आकडा आहे 3.2 टक्के, 2023-24 सालचा. केंद्राचं सांख्यिकी कार्यालय निवडक घरांत माणसं पाठवून तो काढतं. गोम आहे ती बेकार कुणाला म्हणायचं यात. पारावरचं पोर वर्षात महिनाभर जरी बापाच्या शेतात राबलं, तरी या हिशेबात ते बेकार नाही. मजुरी हातात पडली का, हा प्रश्नच वेगळा.

लोकांचा विश्वास उडायला आणखी एक कारण घडलं. 2017-18 ची बेकारी 6.1 टक्के निघाली होती. तो अहवाल अडकून राहिला, म्हणून जानेवारी 2019 मध्ये सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल बाहेर आला तो मे महिन्याच्या अखेरीस, लोकसभेची निवडणूक उरकल्यावर. एकदा वजनात मारलेल्या दुकानदाराकडं आपण पुढं प्रत्येक वेळी काट्याकडं बघतो की नाही? तसंच हे.

आता आपल्याविषयी. कामात किंवा कामाच्या शोधात असलेल्या बायका 2017-18 मध्ये शंभरात 23 होत्या, 2023-24 मध्ये जवळजवळ 42 झाल्या. ऐकायला बरं वाटतं. पण घरच्या शेतात, नवऱ्याच्या दुकानात बिनपगारी राबणारी बाईसुद्धा यात रोजगारात धरलेली आहे. आणि जी फक्त "घरकाम करते" म्हणून लिहिली जाते, ती ना कामात, ना बेकारीत. मोजणीच्या बाहेरच.

आमच्याच घरी एकदा कसल्याशा पाहणीला माणूस आला होता. आमचे हे ओट्यावरूनच म्हणाले, "ती घरीच असते." मी तेव्हा आत डेअरीला घालायचं दूध मापत होते. अन् मीही गप्प बसले, बरं का!

तर पुढच्या सभेला येताना प्रत्येकीनं वहीत एक आठवडा लिहून आणा: कोणतं काम केलं, किती तास, आणि पैसे आले तर कुणाच्या हातात आले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं गटाच्या सचिवताई लिहून देतील.