घोडा ओतणारे हात
(जालना येथे गिरणी कामगारांपुढे केलेलं भाषण)



१६७९ साली शिवाजी महाराज फौजेनिशी आपल्या या जालन्यावर चालून आले होते. त्या घोड्यांच्या टापा इथल्या मातीनं ऐकल्यात. मी आज बोलणार आहे ते दुसऱ्या घोड्याबद्दल, धातूच्या.

पुण्याला शिवाजीनगरात, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात, महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. पाहून तुम्ही मुजरा केला असेल. पण तो झाला कसा, हे कुणी विचारलं? आपण गिरणीतली माणसं. कापड हातात आलं की कुठल्या खात्यात कसं निघालं, हे आधी विचारायचं ही आपली खोड. तेच पुतळ्याबद्दल विचारू.

शाहू छत्रपतींनी हे काम मनावर घेतलं. १९ नोव्हेंबर १९२१ ला पायाभरणी झाली. पुढच्याच मे महिन्यात महाराज गेले, भार राजाराम महाराजांवर आला, वर्षं लांबत गेली. अखेर पुतळा घडवला विनायक पांडुरंग करमरकर यांनी. हा माणूस अलिबागजवळच्या सासवण्याचा. पोरवयात गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यानं घोड्यावरचे शिवाजी महाराज रंगवले. ते कलेक्टर ऑटो रॉथफील्डनं पाहिले आणि पोराला मुंबईच्या जे. जे. स्कूलची वाट दाखवली. साहेबानं एक काम तरी बरं केलं!

आता ओतकाम. आधी लोखंडी सांगाडा, त्यावर मातीचा घोडा नि स्वार. त्यावरून प्लॅस्टरचा साचा. मेणाच्या जुन्या रीतीत साच्याला आतून मेणाचा पातळ थर देतात, पोटात गाभा भरतात, बाहेरून कवच चढवतात. तापवलं की मेण वाहून जातं, आणि त्या पोकळीत तांब्या-कथलाचा रस शिरतो. हजार अंशांच्या वर तापलेला रस! तुमचे भाऊ-भाचे इथल्या पोलादाच्या भट्ट्यांवर जातात, ती धग काय असते हे त्यांना विचारा. थर कुठं जाड, कुठं पातळ झाला, तर निवताना तडा जातो. घोड्याचं तर आणखी अवघड, कारण एवढं धूड चार बारीक पायांवर, आणि त्यानं एक पाय उचललेला असला तर तिनांवरच.

करमरकरांचा पुतळा साडेतेरा फूट उंच, आणि तुकडे जोडून केलेला नव्हे, एकसंध. मुंबईत माझगाव गोदीत ओतला. आपणही साचेवालेच, पण आपल्या साच्यावर सूत तुटलं तर गाठ मारून पुढं चालू. ओताऱ्याला ती सोय नाही. ओतताना रस मध्येच थांबला तर आधीचा थिजतो, नंतरचा त्याला धरत नाही. सगळी मेहनत भंगारात.

पुतळा उघडला १६ जून १९२८ ला. ही तारीख ध्यानात धरा. त्याच वेळी मुंबईच्या गिरण्या बंद होत्या, दीड लाखाच्या आसपास कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर. माझगाव गिरणगावापासून हाकेच्या अंतरावर. करमरकरांचं नाव राहिलं, राहिलंच पाहिजे. पण मुशी उचलणाऱ्यांची, कानस घासणाऱ्यांची नावं चौथऱ्यावर कोण कोरतो?

पुढं ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर पंडित नेहरूंनी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उघडला, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची माणसं काळी निशाणं घेऊन वाटेवर उभी होती. तो राग पुतळ्यावर नव्हता, हे सांगायला नको.

आणि मालवणचं पाहा. राजकोट किल्ल्यावरचा पुतळा, तो घोड्यावरचा नव्हे, उभा, ४ डिसेंबर २०२३ ला उघडला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिने भरले नाहीत! नटबोल्ट गंजल्याचं बांधकाम खात्यानं पडण्याआधीच कळवलं होतं. पुण्याचा घोडा शंभरीला आला, उभा आहे.

म्हणून उद्या पुतळ्याची वर्गणी मागायला कुणी दारी आलं, तर विचारा: ओतणार कोण? किती दिवसांत? आतला सांगाडा कशाचा? भट्टीवरच्या माणसाला रोज किती? उत्तरं मिळाली की वर्गणी जरूर द्या, आणि पावती घ्या.