यंत्राची बुद्धी आणि माणसाचे हित
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विषय मात्र आम्ही मागून घेतला आहे. सध्या घरोघरी कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला आहे. कोणी तिला कामधेनू मानतो, कोणी भस्मासुर. आम्हांस ती विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारे एक साधन वाटते. परंतु प्रश्न कोणी ठरवावा, आणि उत्तर ज्याच्या पदरी पडते त्याचे काय होते हे कोणी पाहावे, याचा निर्णय एकट्या संगणकशास्त्रज्ञाच्या आवाक्यातला नाही. आमचे हे म्हणणे दोन उदाहरणांनी स्पष्ट करतो.

मधुमेहाने दृष्टिपटलास इजा पोहोचते आणि वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाते, हे आपल्यापैकी अनेकांस घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. डोळ्याच्या आतील छायाचित्रावरून हा विकार ओळखणारी संगणकप्रणाली गूगल कंपनीच्या संशोधकांनी तयार केली आणि २०१६ साली तिची हकिकत प्रसिद्ध केली. तिला शिकविण्यासाठी १,२८,१७५ छायाचित्रे वापरली होती. त्यांतील काही अरविंद नेत्र रुग्णालय, शंकर नेत्रालय अशा आपल्याच देशातील संस्थांतून गेली होती. परीक्षेत ही प्रणाली नामांकित नेत्रतज्ज्ञांच्या बरोबरीने उतरली.

पुढे २०१८-१९ मध्ये थायलंडातील ११ दवाखान्यांत तिच्या प्रत्यक्ष वापराचा अभ्यास झाला. तेथे परिचारिका छायाचित्र काढीत, ते दूरच्या तज्ज्ञाकडे जाई आणि उत्तर येण्यास कधी १० आठवडे लागत. यंत्र तेच उत्तर काही मिनिटांत देणार होते. परंतु पहिल्या सहा महिन्यांत पाठविलेल्या १,८३८ छायाचित्रांपैकी शेकडा २१ यंत्राने अस्पष्ट ठरवून नाकारली. बहुतेक दवाखान्यांत काळोख करण्याजोगी स्वतंत्र खोलीच नव्हती, मग छायाचित्र स्वच्छ कसे यावे? छायाचित्र नाकारले गेले की रुग्णाने दूरच्या रुग्णालयात जावे, असा नियम होता. म्हणजे ज्यास बहुधा काही विकार नाही, अशा गरिबाचाही दिवसाचा रोजगार बुडणार. एके ठिकाणी इंटरनेट दोन तास बंद पडले आणि जेथे २०० जणांची तपासणी व्हावयाची, तेथे १०० जणांचीच झाली.

ही अडचण प्रयोगशाळेत बसून कोणास दिसली नसती. दवाखान्यात उभे राहून कामाची रीत निरखणाऱ्या आणि परिचारिकांचे म्हणणे ऐकून घेणाऱ्या संशोधकांनी ती टिपली. त्यानंतर नियम बदलला, आणि अस्पष्ट छायाचित्रे रुग्णाच्या कागदपत्रांसह तज्ज्ञाने पाहावीत असे ठरले. गणित, वैद्यक आणि मनुष्यस्वभावाचे ज्ञान एकत्र आले, तेव्हा कोठे मार्ग निघाला.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. कोणत्या रुग्णांस अधिक देखभालीची गरज आहे हे ठरविणारी एक प्रणाली तेथे सर्रास वापरात होती. २०१९ साली झियाद ओबरमायर हे डॉक्टर, सेंधिल मुलैनाथन हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी तिची तपासणी केली. प्रणालीत कोणाची जात वा वर्ण घातलेला नव्हता. रुग्णावर पुढे किती खर्च होईल, एवढेच ती सांगत असे, आणि खर्च जास्त त्याची गरज जास्त, असे गृहीत धरले होते. परंतु कृष्णवर्णीय रुग्णांवर त्याच आजारासाठी मुळातच कमी खर्च होत आला होता. त्यामुळे अधिक आजारी असूनही ते मागे पडत. हा दोष दूर केल्यास अधिक मदत मिळणाऱ्यांत त्यांचे प्रमाण शेकडा १७.७ वरून ४६.५ वर जाईल, असे या संशोधकांनी दाखविले.

भगिनींनो, हे समजण्यास आपणांस अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. आपल्या आजीने आयुष्यभर दुखणे अंगावर काढले. तिच्या नावे दवाखान्याची एकही पावती नसेल. केवळ पावत्या वाचणारे यंत्र तिला ठणठणीत ठरवील! खर्च आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ओळखण्यास समाजाचा अभ्यास लागतो.

आता घरचीच गोष्ट. आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीच्या नियमांत अभियांत्रिकी आणि वैद्यक यांस अग्रक्रम आहे. हा नियम करणाऱ्या समितीत आम्हीही होतो. काही वर्षांपूर्वी समाजशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या एका मुलीचा अर्ज आला. आम्हीच तो ‘यास पुढे वाव नाही’ असा शेरा मारून परत पाठविला. ती पुढे काय शिकली, याची आम्ही चौकशीही केली नाही. वरील दोन्ही अभ्यास वाचताना तो शेरा आम्हांस वारंवार आठवला. नव्या युगाची तयारी करतो आहोत असे त्या वेळी आम्हांस वाटत होते. त्या युगास लागणाऱ्या माणसांपैकी एक आम्ही दारातूनच परत पाठविले, हे आज आम्ही आपणांसमोर कबूल करतो.

यास्तव आमची नम्र सूचना अशी की, येत्या सर्वसाधारण सभेत हा अग्रक्रम काढून टाकावा, आणि समाजशास्त्र, कायदा, भाषाशास्त्र, परिचर्या या विषयांच्या विद्यार्थ्यांसही निधीचे दार खुले करावे. यात संगणक शिकणाऱ्या मुलांवर अन्याय नाही. त्यांच्या शेजारी बसून ‘हे कोणासाठी?’ असे विचारणारे सोबती त्यांना हवेत, आणि ते आपल्याच घरांतून का निघू नयेत?