रेडिएशनच्या आधी विचारायचा एक प्रश्न

आज कुणी पाहुणे नाहीत, आज माझीच गोष्ट. हेडफोन लावून ऐका हवं तर.

मी २९ वर्षांची होते. पाळी नसतानाही मध्येच रक्त जायचं. दगदग असेल म्हणून टाळलं. निदान झालं, गर्भाशयमुखाचा कॅन्सर. गाठ लहान असेल तर कधीकधी फक्त गर्भाशयमुख काढून गर्भाशय वाचवता येतं. माझी गाठ त्यापुढे गेली होती. किमो आणि रेडिएशन ठरलं.

फाइल घेऊन निघालो, तेवढ्यात आई दारातून वळली. "डॉक्टर, हिला पुढे मूल होईल ना हो?" तोवर हा विषय कुणीच काढला नव्हता. मीसुद्धा नाही.

ओटीपोटावरच्या रेडिएशनने अंडाशय निकामी होतात आणि गर्भाशयही मूल वाढवण्याजोगं राहत नाही. पण स्त्रीबीजं आधी काढून गोठवता येतात. त्यासाठी पाळीची वाट बघावी लागत नाही, इंजेक्शनं कधीही सुरू करता येतात. साधारण दोन आठवडे लागतात. तेवढा वेळ आहे का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. माझ्याकडे होता. योनीमार्गातून सुई घातली तर गाठीतून रक्तस्राव झाला असता, म्हणून पोटातून बीजं काढली. नऊ मिळाली. नऊ बीजं म्हणजे नऊ बाळं नव्हेत, हेही तेव्हाच कळलं.

आता खरी गोम. बीजं आहेत, पण ती वाढवायला गर्भाशय नाही. म्हणजे सरोगसी. आणि २०२१ च्या कायद्यानुसार सरोगसी विवाहित जोडप्याला मिळते, किंवा ३५ ते ४५ वयाच्या विधवा वा घटस्फोटित स्त्रीला. मी अविवाहित. बीजं गोठवायला कायद्याची हरकत नाही, वापरायला मात्र आहे! शिवाय ती १० वर्षंच ठेवता येतात.

लोक विचारतात, मग उपयोग काय? मला मूल होईल की नाही, माहीत नाही. पण तो निर्णय त्या दिवशी आपोआप झाला नाही, एवढं मला पुरतं.

तुमच्या मैत्रिणीला, बहिणीला असं काही निघालं, तर उपचार सुरू व्हायच्या आधी तो एक प्रश्न विचारा. लाजू नका. माझी आई लाजली नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!