कोणता प्रश्न सोडायचा?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेलं भाषण)



सेक्रेटरी साहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय, करिअर मार्गदर्शन. मी बँकेत उभं आयुष्य काढलं, मॅनेजमेंटचं शिक्षण काही घेतलेलं नाही. पण माझ्या नातीनं आमच्याच घरी राहून दोनदा 'कॅट' दिली. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

कॅट म्हणजे आयआयएमच्या प्रवेशाची परीक्षा. नोव्हेंबरअखेर, संगणकावर, दोन तासांची. इंग्रजी आकलन, माहितीचं विश्लेषण व तर्क आणि गणित, असे तीन भाग. प्रत्येकाला ४० मिनिटं. एका भागाची वेळ संपली की तो बंद. आमच्या काउंटरच्या खिडकीसारखा! बरोबर उत्तराला ३ गुण. पर्यायांचा प्रश्न चुकला तर १ गुण वजा. उत्तर स्वतः टाइप करायचं असेल तिथे मात्र वजाबाकी नाही.

पहिल्या वर्षी नातीनं मेहनत भरपूर केली. पण पेपर पुरा सोडवायचाच, हा हट्ट. तो माझाच संस्कार. शाळेपासून मीच सांगत आलो, 'काही कोरं सोडू नकोस.' परीक्षेत एका आकडेवारीच्या कोड्यात तिची १८ मिनिटं गेली. मग उरलेलं घाईघाईनं, अंदाजानं. निकाल लागला, ८४ पर्सेंटाइल.

मला वाटलं, ८४ म्हणजे डिस्टिंक्शन! तसं नसतं. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. १०० जणांत ८४ तुमच्या मागे, एवढाच त्याचा अर्थ. आणि गंमत पाहा, एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुण मिळवूनही ९९ पर्सेंटाइल गाठलेली मुलं आहेत. म्हणजे सगळं सोडवणारा तिथे जिंकत नाही.

आता माझी चूक सांगतो. निकालाआधीच मी खाली बाकावर बसून सर्वांना सांगून ठेवलं होतं, 'आमची नात आयआयएमला चालली.' निकालानंतर ती पाच मजले जिन्यानं चढायला लागली. मी आपला समजलो, व्यायाम करतेय. शेवटी हिनं सांगितलं, 'अहो, लिफ्टमध्ये जो तो तिला विचारतो, किती पडले म्हणून. दवंडी तुम्हीच पिटलीत ना?' माझी मान खाली गेली.

दुसऱ्या वर्षी मी उपदेश बंद केला आणि बँकेतलं एक काम शिकवलं. दिवसअखेर एका रुपयाचा फरक राहिला तरी आम्ही तो सापडेपर्यंत घरी जायचो नाही. तसा प्रत्येक सराव परीक्षेचा हिशेब आम्ही दोघं मांडायचो. वहीत तीन रकाने: येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, आणि हातात घ्यायलाच नको होतं. तिसरा रकाना सर्वांत लांब निघाला! कर्ज मंजूर करणं सोपं असतं. कोणतं प्रकरण पहिल्या दोन मिनिटांत परत करायचं, हे ज्याला कळतं तो खरा अधिकारी.

अंदाजाचंही गणित केलं. चार पर्यायांचे चार प्रश्न डोळे मिटून ठोकले, तर सरासरीनं एक बरोबर, तीन चूक. ३ जमा, ३ वजा, हाती शून्य. दोन पर्याय नक्की चूक आहेत असं कळलं, तर मात्र धोका घ्यायला हरकत नाही.

पण हा नियम प्रत्येक परीक्षेला लावू नका. आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात आणि चुकीला वजाबाकी नसते. तिथे एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे पदरचं नुकसान. आधी परीक्षेचे नियम वाचा, मग पुस्तकं आणा.

दुसऱ्या वेळी तिला कॅटमध्ये ९४ मिळाले. आयआयएमचं बोलावणं आलं नाही. त्यांच्याकडे प्रत्येक भागाची वेगळी अट असते, शिवाय दहावी-बारावीचे गुण आणि मुलाखतही असते. सीईटीवर मात्र मुंबईत चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आज ती नोकरीत आहे, आनंदात आहे. दोन वर्षं वाया गेली का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, 'आजोबा, अभ्यासाचा त्रास नाही झाला. जिन्याचा झाला.'

म्हणून शेवटी आम्हा ज्येष्ठांना एक विनंती. मुलांनी कोणता प्रश्न सोडायचा ते मुलं शिकतील. आपणही एक प्रश्न सोडून देऊ या, तो म्हणजे 'किती पडले?' त्याऐवजी म्हणावं, 'घरी ये, चहा घेऊ.'

आज बक्षीस मिळालेल्या मुलांचं अभिनंदन. ज्यांना मिळालं नाही, त्यांनी लिफ्टनंच घरी जावं. कोणी काही विचारलं, तर माझं नाव सांगा.