खिळ्यांच्या चौकटीवरचं विणकाम

पाथरीच्या शिवारात कापूस पिकतो, जवळच्या मानवतच्या बाजारात जातो आणि सूत व्हायला दूर निघून जातो. श्रोतेहो, त्याच सुताची एक लड घरी आणली, तर विणायला मोठा माग लागतोच असं नाही. वीतभर चौकट पुरते!

या छोट्या मागाला पिन लूम म्हणतात. 1930 च्या दशकात अमेरिकेत ‘वीव्ह-इट’ नावाचा चार इंची माग लोकप्रिय झाला. त्यावरच्या एका चौकोनाला साधारण सात मीटर धागा लागतो, म्हणजे उरलंसुरलं सूतही कामी येतं.

घरचा माग करायला लाकडी चौकट, बिनडोक्याचे बारीक खिळे आणि लांब दाभण एवढं बस्स. खिळे अर्ध्या सेंटीमीटरवर, चारी बाजूंना समोरासमोर ठोकायचे. आधी धागा उभा ताणून घ्यायचा. मग दाभणात ओवलेला धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून आडवा न्यायचा आणि प्रत्येक ओळीला कडेच्या खिळ्याभोवती वळवायचा. ताण फार घट्ट नको, नाहीतर शेवटच्या ओळींत दाभण शिरत नाही आणि नवखे बहुधा तिथेच वैतागतात. विणून झालेला चौकोन खिळ्यांवरून अलगद उचलला, की चारी कडा आपोआप बंद.

असे चौकोन जोडून पिशवी, उशीचा अभ्रा, बाळाची दुलई होते. गोधडी शिवणाऱ्या हातांना हे जोडकाम नवं नाही.

गरम भांडं धरायच्या फडक्यासाठी मात्र सुती धागाच घ्या. अ‍ॅक्रिलिक लोकर उष्णतेने वितळते.